हातचा एक, खरोखर हातात!

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. (अ + ब) चा घन किती? बघा, सूत्र अजून तोंडपाठ आहे ना! आता सांगा, त्यातले ते दोन ‘तीन’ कुठून आले? गप्प? मीही शाळेत अशीच गप्प होते. उत्तर मिळालं ते परवा, नोकरीला लागून सहा वर्षं झाल्यावर, एका लाकडी डबीत. आत आठ ठोकळे. एक लाल घन, एक निळा घन, तीन लाल-काळे, तीन निळे-काळे. नीट रचले की एकच मोठा घन. तीन आणि तीन, डोळ्यांसमोर! आमच्या वेळी ही डबी कुठे होती हो?

ही डबी दाखवली माझ्या भाचीने. वय वर्षं आठ, तिसरीत. तिच्या शाळेने ओपन डेला ‘मॅथ्स वीक आहे’ असा शिक्का मारला, तेव्हापासून ती गणिताच्या तासाला पोटात दुखतंय म्हणायला लागली. ताईने ट्यूशन न लावता तिला शनिवारी एका मॉन्टेसरी शिकलेल्या बाईंकडे पाठवलं. सोडायला-आणायला मी, कारण शनिवारी सुट्टी फक्त मावशीला!

मॉन्टेसरी म्हणजे प्ले-ग्रुप, असंच मला वाटायचं. रोममधलं पहिलं बालगृह १९०७ चं, ते लहानग्यांचंच. पण सहा ते बारा वयासाठीही भरपूर साहित्य आहे, आणि त्यात आपला वाटा आहे. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अडकल्या. मोठ्या मुलांच्या अभ्यासक्रमाला आकार आला तो कोडाईकॅनॉलच्या मुक्कामात. व्याकरणसुद्धा तिथे हाताने करायचं. नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल!

भाचीचं घोडं अडलं होतं हजारातून एक वजा करताना. शून्याकडून उसना कसा घ्यायचा? बाईंनी तिच्यापुढे सोनेरी मण्यांचा हजाराचा घन ठेवला. यातून एक मणी दे. सुटेना. मग ती ‘बँके’त गेली, घन देऊन शंभराचे दहा चौकोन आणले. एक चौकोन मोडून दहाच्या दहा कांड्या. एक कांडी मोडून दहा सुटे मणी. एक मणी बाईंच्या हातावर ठेवला आणि उरलेलं मोजलं. नऊ चौकोन, नऊ कांड्या, नऊ मणी. नऊशे नव्व्याण्णव! ‘हातचा’ हा शब्द आपण एवढी वर्षं वापरतो, पण तो असा हातात घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला. विशेष म्हणजे कुणी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणालंच नाही. मण्यांनीच सांगितलं.

हे साहित्य स्वस्त नाही, हे मात्र खरं. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी दगड, पानं, बियांवर काम भागवलंच ना! मीही बोहरी आळीतून मणी आणि तार आणली. दोन रविवार बसून कांड्या ओवल्या. बोटांची पार वाट लागली, पण पोटदुखी कमी झाली आहे. सहामाहीत काय होतं ते बघू. पेपरात मणी चालत नाहीत.

गेल्या शनिवारी मोठे लाकडी ठोकळे निघाले होते. एककाचा घन अर्ध्या सेंटीमीटरचा आणि दशलक्षाचा अर्ध्या मीटरचा, पोरीच्या मांडीएवढा उंच! ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मावशी, तुझा पगार किती?’

सांगितला. तिने दहा हजाराच्या चार निळ्या दांड्या ओळीने मांडल्या. मी म्हटलं, ‘आता घराचा हप्ता जाऊ दे.’ दोन दांड्या उचलून तिने बँकेत ठेवल्या.

‘अजून?’

‘अजून गाडीचा.’