न उतरलेले थांबे

मुलांनो, एस.टी.नं मामाच्या गावाला जाताना तुम्ही कंडक्टरकाकांकडे कधी नीट पाहिलंय का? ड्रायव्हरकाकांना समोरच्या काचेतून निदान रस्ता तरी दिसतो. खिडकीजवळच्या प्रवाशाला शेतं दिसतात, नदी दिसते, एखादं माकडही दिसतं. कंडक्टरला काय दिसतं? सुटे पैसे! माणसांची डोकी आणि सुटे पैसे.

आमच्या शाळेच्या गावात असे एक निवृत्त कंडक्टर राहतात. अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना मुंबई-कोलकाता हायवेला लागूनच हे गाव आहे. पोरं त्यांना 'कंडक्टर आबाजी' म्हणतात. (वऱ्हाडात आजोबांना आबाजी म्हणतात, बरं का!) १९८७ साली ते नोकरीला लागले, तेव्हा हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि टिकटिक वाजणारा चिमटा असायचा. कधी अकोला-अमरावती, कधी अकोट-अंजनगावहून परतवाडा आणि तिथून थेट चिखलदरा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. तेहेतीस वर्षं त्यांनी हीच दोरी ओढली. ३१ जानेवारी २०२० ला निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी एका वहीत सत्तावीस गावांची नावं लिहिली.

"हे काय, भाऊ?" मी विचारलं.

"मॅडम, या सत्तावीस ठिकानी म्या हजारदा घंटी मारली. पन उतरलो एकदाबी नाई. आता एकेका थांब्यावर उतरनार, अन् फोटो काढनार."

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक जुना, पण चांगला कॅमेरा घेतला. यादीत गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव होतं, पूर्णेकाठचं ऋणमोचन होतं, चिखलदऱ्याच्या अलीकडचं मोथा होतं. सगळ्यांत शेवटी लोणार. कॅमेरा शिकण्यात फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये निघायचं, तर आला कोरोना! २२ मार्चला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. एस.टी.सुद्धा उभी राहिली. तुमच्यातले काही जण तेव्हा बालवाडीत असतील. त्यांनी हे आईबाबांना विचारावं.

तुम्ही म्हणाल, आता संपलाच की प्रवास! पण आबाजींना गच्ची होती. सकाळी गच्चीवर, संध्याकाळी गच्चीवर. गच्चीला टेकलेल्या कडुनिंबावर चिमण्या, सातभाई, बुलबुल, कधी एखादा धनेश. कॅमेरा हलू नये म्हणून तिपाई लागते, ती नव्हती. त्यांनी जुन्या पँटच्या पायाची थैली शिवली, तिच्यात तूर भरली आणि कठड्यावर ठेवली. तुरीवर कॅमेरा कसा घट्ट बसतो ते घरी करून बघा.

त्यांच्या गच्चीवरचा मला सगळ्यांत आवडलेला फोटो मात्र पक्ष्याचा नाही. एक पितळी गडवा भर उन्हात उभा आहे, आणि त्याची सावलीच नाही! फोटो २३ मेच्या सुमाराचा, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपासचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या भागात वर्षातून दोनदा सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच लपते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. आमच्याकडे दुसरा दिवस जुलैत येतो, पण तेव्हा बहुतेक ढगच असतात. त्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांपर्यंत चढला होता. आबाजींनी कॅमेऱ्यावर ओला पंचा धरला होता आणि स्वतःच्या डोक्यावर काहीच नव्हतं, असं त्यांच्या घरून कळलं.

त्याच आठवड्यात अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडून त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. "आमच्याकडं टोळ आले!" हे वाळवंटी टोळ राजस्थान, मध्य प्रदेश करत सातपुडा ओलांडून संत्र्याच्या पट्ट्यात उतरले होते. टोळ नाकतोड्याचाच भाऊबंद. एकटा असला तर कोणी ढुंकून बघत नाही, पण लाखोंनी आला तर वारा मिळेल तसा दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर उडतो आणि वाटेतलं हिरवं खात सुटतो. रात्री मात्र झाडांवर बसून राहतो, म्हणून फवारणी रात्री आणि पहाटे करतात. शेतकरी पुन्हा थाळ्या वाजवत होते. या वेळी टोळांना उठवायला. आबाजींना फोनवर तो आवाज ऐकू येत होता. जायचं कसं? जिल्ह्याची सीमा बंद!

मग त्यांनी एक गंमत केली. त्यांच्याकडे चिकट पानांचा जुन्या पद्धतीचा अल्बम आहे. त्यात त्यांनी एक जागा मोकळी सोडली आणि खाली लिहिलं, 'टोळधाड, वरूड. मे २०२०.' जो फोटो काढता आला नाही, त्याचीसुद्धा जागा! अशा मोकळ्या चौकटी त्या अल्बममध्ये पाच आहेत.

आता हायवेचं सांगते. हे सांगताना मला अजून जड जातं, पण तुम्हांला कळायला हवं.

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावासमोरच्या हायवेवर मोटारी जवळपास नव्हत्याच. होती ती चालणारी माणसं. मुंबई, नाशिककडची कामं बंद पडली, हातातले पैसे संपले, तसे हजारो मजूर छत्तीसगडकडे, ओडिशाकडे, कोणी त्याहून लांब पायी निघाले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. कोणी सायकलवर, कोणी ट्रकच्या टपावर. मे महिन्यात एस.टी.नं त्यांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट पोचवायला गाड्या सोडल्या, पण सगळे काही त्या गाड्यांपर्यंत पोचू शकले नाहीत. गावातल्या लोकांनी रस्त्याकडेच्या लिंबाखाली पाण्याचे माठ मांडले. भाकरी, पिठलं, कधी खिचडी. माझी ड्यूटी तेव्हा गावात घरोघर सर्वेक्षणाची होती, त्यामुळे येता-जाता मी हे पाहत होते. तोंडाला रुमाल बांधून आबाजी रोज तिथे असायचे, माठापाशी. गळ्यात कॅमेरा, पण तो पिशवीतच.

मी विचारलं, "भाऊ, फोटो नाही काढत?"

ते म्हणाले, "दोन हात हायेत मॅडम, दोन्ही गिलासाले लागतात."

एवढंच बोलले. पण एक फोटो त्यांनी काढला. तो त्यांनी काढला म्हणण्यापेक्षा एका मुलीनं काढायला लावला. असेल सात-आठ वर्षांची, तुमच्या तिसरीच्या वर्गातली. आईवडिलांबरोबर नाशिकहून निघालेली. हातात स्टीलचा डबा. तिनं आबाजींची पिशवी ओळखली आणि म्हणाली, "अंकल, कैमरा है? हमारा फोटो निकालो ना!" आई संकोचली. मुलगी मात्र लिंबाच्या खोडाला टेकून उभी राहिली, केस पाण्याच्या हातानं नीट केले, आईला ओढलं, बापाला ओढलं. फोटोत तिघंही सरळ समोर बघताहेत, जत्रेतल्या स्टुडिओत बघतात तसे. मुलगी हसते आहे. तिच्या एका पायात चप्पल आहे, दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं आहे.

"भेज देना," ती म्हणाली. वडिलांनी गावाचं नाव सांगितलं, जिल्हा सांगितला, एक फोन नंबर दिला. आबाजींनी ते वहीत लिहून घेतलं, तिकीट लिहावं तसं, ठळक अक्षरांत. मग ती तिघं मूर्तिजापूरच्या दिशेनं निघाली. रायपूर तिथून कितीतरी शे किलोमीटर होतं.

जूनमध्ये अकोल्यातली दुकानं उघडली. आबाजींनी त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या. फोन लावला, तर तो बंद. ऑगस्टमध्ये फोटो पोस्टानं पाठवला. दीड महिन्यानं पाकीट परत आलं, 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन. बहुधा गावाचं नाव ऐकण्यात चूक झाली असेल, किंवा त्या नावाची दोन-तीन गावं असतील. तालुका विचारायचा राहिला होता. छत्तीसगडच्या एका ट्रकवाल्याला त्यांनी तो पत्ता दाखवला, दुसऱ्याला दाखवला. ते पाकीट अजून त्यांच्याकडे आहे.

या सगळ्यात लोणारचं काय झालं? ऐका. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातलं आपलं लोणार सरोवर एकाएकी गुलाबी झालं! उल्का आदळून तयार झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, त्यातलं पाणी खारट, एरवी हिरवट. अमेरिकेच्या नासा संस्थेनं उपग्रहातून टिपलेले दोन फोटो प्रसिद्ध केले: २५ मेला पाणी हिरवं, १० जूनला गुलाबी. वन खात्यानं पाण्याचे नमुने घेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते तपासले आणि उलगडा झाला. कडक उन्हानं पाणी आटलं, मीठ वाढलं, आणि मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव खूप वाढले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. ते नमुने काही दिवस स्थिर ठेवले, तर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं! म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच.

आबाजी इकडे तळमळत होते. यादीतलं शेवटचं नाव, आणि तेच रंग बदलून बसलेलं! जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागायचा, आणि 'फोटो काढायचाय' या कारणासाठी पास कोण देणार? एस.टी. जिल्ह्याबाहेर धावू लागली ती २० ऑगस्टला. आबाजी डिसेंबरात लोणारला पोचले, तोवर पाऊस पडून गेला होता, पाणी पुन्हा हिरवट. त्यांनी हिरवं तर हिरवं म्हणून फोटो काढला, शेजारी एक चौकट मोकळी ठेवली. ती तिसरी. (त्याच डिसेंबरात २१ तारखेला गुरू आणि शनी आकाशात एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. हा फोटो मात्र तुरीच्या थैलीवरून छान आलाय.)

चिखलदऱ्याला त्यांना एकट्यानं जायचं नव्हतं. त्यांच्या जोडीला अकरा वर्षं एकच ड्रायव्हर होते. आबाजी त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. उस्तादही २०२० च्या अखेरीस निवृत्त होऊन परतवाड्याला आपल्या घरी राहायला गेले होते. ठरलं असं, की दोघांनी प्रवासी म्हणून, तिकीट काढून, शेजारी शेजारी बसून घाट चढायचा. "आता बाप्पा, तू ब्रेक मारजो नाई अन् मी घंटी मारत नाई!" २० फेब्रुवारी २०२१ ला आबाजी परतवाड्याला पोचले. नशीब बघा! कोरोनाची दुसरी लाट आधी आमच्याकडेच उसळली. त्याच शनिवारी संध्याकाळी अमरावती जिल्ह्यात संचारबंदी लागली, आणि सोमवारी अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याचं लॉकडाऊन. परतवाडा अचलपूर नगरपालिकेतच येतं. पुढे ते ८ मार्चपर्यंत वाढलं.

पंधरा-सोळा दिवस दोघे म्हातारे गच्चीवर. उत्तरेला समोर गाविलगडचे डोंगर. आबाजींनी रोज त्याच जागेवरून त्याच डोंगराचा फोटो काढला. सकाळी निळा, दुपारी धुरकट, संध्याकाळी तांबूस. "रोज तेच काय काढतो बे?" उस्ताद विचारायचे आणि लगेच पुढे, "आज ढग आलाय, घे पटकन!" हे पंधरा फोटो अल्बममध्ये ओळीनं लावले आहेत. सहाव्या फोटोच्या कोपऱ्यात उस्तादांचं बोट आलंय, डोंगर दाखवणारं.

एप्रिलमध्ये उस्ताद गेले. कोरोनानंच. त्या वर्षी एस.टी.तल्या कितीतरी लोकांना या रोगानं नेलं. आबाजींना अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही.

१ डिसेंबर २०२१ ला आमच्या पहिली ते चौथीच्या वर्गांत पुन्हा मुलं बसली. त्या महिन्यात मी आबाजींना अल्बम घेऊन बोलावलं. मुलांनी अल्बमला गराडा घातला. चौथीतल्या एकानं मोकळी चौकट बोटानं चाचपून विचारलं, "आबाजी, अठी काहीच नाई दिसत!" आबाजी म्हणाले, "मले दिसते. तू डोये मिटून पाह्य." लगेच सगळा वर्ग डोळे मिटून बसला. कोणाला गुलाबी पाणी दिसलं, कोणाला टोळ. एकीला मात्र काही केल्या काही दिसेना, आणि तिनं तसं स्पष्ट सांगितलं.

शेवटच्या पानावरचा फोटो सप्टेंबर २०२१ चा आहे. आबाजी अखेर एकटेच चिखलदऱ्याच्या गाडीत बसले. शेजारची सीट भरू नये म्हणून त्यांनी तिच्यावर कॅमेऱ्याची पिशवी ठेवली होती, पण धामणगाव गढीला गर्दी झाली आणि एका बाईला बसायला जागा लागली, तेव्हा पिशवी मांडीवर घेतली. घाटात धुकं होतं. मोथा आलं. हे गवळ्यांचं गाव, इथला खवा प्रसिद्ध. कंडक्टर मुलगा नवा होता. आबाजी उठले, म्हणाले, "एक घंटी मार रे बाबू, मले उतरायचं हाये."

गाडी थांबली, ते उतरले, गाडी निघाली. तेवढ्यात त्यांनी कॅमेरा काढला. फोटोत ओला रस्ता आहे आणि धुक्यात शिरणारी लाल गाडी, मागून. आपली गाडी मागून कशी दिसते, हे त्यांनी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. पुढची गाडी दोन तासांनी होती. ते खव्याच्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसले.