जेकिल बेट : महाल आणि पाऊलवाट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगतच्या चार बेटांना ‘गोल्डन आइल्स’ असे नाव आहे. त्यांतील दक्षिणेकडचे बेट म्हणजे जेकिल. सॅव्हाना आणि जॅक्सनविल या शहरांच्या दरम्यान, ब्रन्सविक गावाजवळून बांधरस्त्याने मोटार थेट बेटावर जाते. दोन्ही अंगांना खारट गवताची विस्तीर्ण पाणथळ भूमी पसरलेली आहे. बेटावर शिरताच जुन्या ओक वृक्षांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा लक्ष वेधून घेतात.

बहुतेक प्रवासी येथे येतात ते धनिकांचे महाल पाहण्यासाठी. १८८६ साली काही श्रीमंतांनी क्लब स्थापून हे बेट सव्वा लाख डॉलरना विकत घेतले. सभासदांची मर्यादा शंभर. त्यांत मॉर्गन, रॉकफेलर, व्हॅन्डरबिल्ट, पुलित्झर अशी नावे. हिवाळ्याचे दोन-तीन महिने ही मंडळी येथे राहत आणि आपल्या महालांना विनयाने ‘कॉटेज’ म्हणत. नळ-व्हॉल्व्हच्या धंद्यात मोठे झालेल्या क्रेन यांचे ‘कॉटेज’ तर इटालियन हवेलीच्या थाटाचे आहे.

पेढीशी संबंध असलेल्या वाचकाला येथील एक घटना विशेष वाटेल. १९०७ च्या आर्थिक घबराटीत अमेरिकेतील अनेक पेढ्या कोलमडल्या होत्या. नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच, पॉल वॉरबर्ग, फ्रँक व्हॅन्डरलिप, हेन्री डेव्हिसन आदी मोजके लोक खासगी रेल्वे-डब्यातून न्यू जर्सीहून निघाले. निमित्त बदकांच्या शिकारीचे सांगितले होते. नोकरचाकरांना सुगावा लागू नये म्हणून आडनावे उच्चारायची नाहीत, असे ठरले होते. या क्लबात बसून त्यांनी मध्यवर्ती बँकेचा आराखडा रचला. तो जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. पण डिसेंबर १९१३ मध्ये मंजूर झालेल्या फेडरल रिझर्व्ह कायद्यात त्यातील बरेच काही उतरले. बैठकीची कबुली मात्र पुढे कित्येक वर्षे कोणी दिली नाही.

क्लब १९४२ मध्ये बंद पडला आणि १९४७ मध्ये जॉर्जिया राज्याने संपूर्ण बेट ६,७५,००० डॉलरना घेतले. त्यामुळे जेथे परक्याला पाऊल टाकता येत नव्हते, तेथे आज लहान मुले सायकली फिरवतात.

महाल पाहून परत फिरणाऱ्याचे बेट अर्धेच पाहून होते. दक्षिण टोकाला सेंट अँड्र्यूज किनाऱ्यावर ‘वाँडरर मेमरी ट्रेल’ नावाची पाऊलवाट आहे. ‘वाँडरर’ ही श्रीमंतांच्या विहारासाठी बांधलेली डौलदार नौका. अमेरिकेत गुलामांची आयात १८०८ पासून बेकायदा होती. तरीही नोव्हेंबर १८५८ मध्ये या नौकेतून चारशेहून अधिक आफ्रिकी माणसे चोरून येथे उतरवण्यात आली. कित्येक वाटेतच दगावली होती. नौकेवर प्रतिष्ठित यॉट क्लबचा ध्वज होता, म्हणून संशयही आला नाही. सॅव्हाना येथे खटले चालले, पण माणसांच्या या सौद्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. उतरवलेल्यांपैकी वॉर्ड ली याने १९०४ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी, मायदेशी परतण्यासाठी मदत मागणारे जाहीर पत्रक काढले होते. त्याच वर्षी क्लबच्या आवारात फेथ चॅपल हे देखणे प्रार्थनागृह उभे राहिले; त्यातील टिफनी यांच्या रंगीत काचा पाहण्यास आजही गर्दी होते. पाऊलवाटेवर तेवढी गर्दी नसते. मुलांना आधी येथे आणावे आणि मग महाल दाखवावेत, हा क्रम अधिक योग्य ठरेल.

शाकाहारी कुटुंबांनी शिदोरी सोबत ठेवावी, कारण या किनाऱ्यावरील जेवणात कोळंबी-खेकड्यांचा भर असतो. मक्याच्या कण्यांची ‘ग्रिट्स’ ही पेज साधी मिळू शकते. मात्र ती कशात शिजवली आहे, हे विचारून घ्यावे.

उत्तरेकडील ड्रिफ्टवुड बीचवर लाटांनी जमीन खाल्ल्यामुळे उन्मळलेले वृक्ष वाळूत पांढरे पडून आहेत. क्लबच्या जुन्या वीजघरात आता समुद्री कासवांचे रुग्णालय आहे. जखमी कासवांवरील उपचार काचेपलीकडून पाहता येतात. उन्हाळ्यात माद्या रात्री किनाऱ्यावर अंडी घालतात. पिल्ले उजेडाकडे ओढली जाऊन समुद्राची वाट चुकतात, म्हणून त्या दिवसांत रात्री वाळूवर जाताना पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी नेऊ नये.