कॅश म्हणजे पैसे नव्हेत

मंडळाच्या बैठकीत मी म्हणालो, "कॅश लावली तर वेबसाइट पळेल," आणि खजिनदार काकूंनी चष्मा वर करून विचारलं, "किती?"

मग इंदूरच्या माणसाला समजेल असं सांगितलं. पोहेवाला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी फोडणी घालत नाही. पोहे वाफेवर गरम राहतात. गिऱ्हाईक आलं की प्लेट, वर शेव, पुढचा या. वेबसाइटची कॅश हेच करते. एकदा तयार केलेलं पान जवळ ठेवते आणि मागेल त्याला तेच देते.

गरज खरी होती. गणेशोत्सवात आरती संपली की सगळे एकदम 'आजचे कार्यक्रम' उघडतात, आणि ते पान दर वेळी डेटाबेसमधून नव्याने जुळवलं जायचं. आमच्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरला घाम फुटायचा.

ही गोष्ट 2023 च्या पावसाळ्यातली. साइट जँगो 3.2 वर होती. रेडिस या वेगवान कॅशशी जोडायची सोय खुद्द जँगोत आली ती 4.0 पासून, डिसेंबर 2021 मध्ये. एप्रिल 2023 ला 4.2 ही दीर्घ मुदतीची आवृत्तीही आली होती. नवी आवृत्ती दिसली की आमच्या पिढीच्या हाताला खाज सुटतेच.

पण काय काय बदलावं लागेल हे लिहायला बसलो आणि कागद भरत गेला. 4.2 ला निदान पायथन 3.8 हवं, आमच्याकडे 3.6. ते जुनं, कारण सर्व्हरवर उबुंटू 18.04. त्याच्याबरोबर आलेलं पोस्टग्रेस 10, आणि 4.2 ला लागतं किमान 12. नळाचा वॉशर बदलायला प्लंबर बोलवावा आणि त्याने भिंतीतली पाइपलाइनच काढायला घ्यावी, तसं. शिवाय जँगोत आलाय तो फक्त जोडणारा भाग. रेडिस हा वेगळा प्रोग्राम. तो बसवायचा, चालू ठेवायचा, त्याला मेमरी द्यायची. आणि तेच हवं असेल तर 3.2 वरही बाहेरचं पॅकेज टाकून रेडिस वापरता येतच होतं.

दुसऱ्या पारड्यातही वजन होतं. 3.2 च्या सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल 2024 ला थांबणार होत्या, उबुंटू 18.04 ची नेहमीची मुदत तर मे 2023 मध्येच संपली होती. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आमच्याकडे आहेत. म्हणजे अपग्रेड करायचंच होतं, पण कॅशसाठी नव्हे, आणि गणपतीच्या तोंडावर तर नाहीच.

सचिव काकांची चिंता वेगळी होती. "पान उशिरा उघडलं तरी चालेल रे, पण चुकीचं दाखवू नकोस. पावसामुळे हॉल बदलला आणि कॅशनं जुनाच पत्ता दाखवला, तर आजी-आजोबा रिक्षा करून भलतीकडे जातील." कॅशमधली खरी अवघड गोष्ट त्यांनी संगणक न शिकता पकडली होती: शिळं कधी फेकायचं.

म्हणून जँगोत फार पूर्वीपासून असलेली, फाइलमध्ये ठेवायची साधी कॅश घेतली. मेमरीतली कॅशही तयार मिळते, पण ती प्रत्येक प्रोसेसची वेगळी; एकीनं शिळं पान टाकलं तरी दुसरी तेच वाढत राहते. फाइल सगळ्यांची एकच. पानाला आयुष्य दिलं 60 सेकंदांचं, आणि कार्यक्रमात कोणी बदल जतन केला की ते त्याच क्षणी पुसायचं. उत्सवात दोनदा हॉल बदलला, दोन्ही वेळा पान बरोबर होतं.

अपग्रेड दिवाळीनंतर केलं, आधी साइटच्या प्रतीवर. तिथे लॉगिन अडलं, कारण 4.0 पासून विश्वासू पत्त्यांच्या यादीत प्रत्येक नावाआधी 'एचटीटीपीएस' सकट पूर्ण पत्ता लिहावा लागतो. एका ओळीचं काम. रेडिस मात्र अजून बसवलेलं नाही. कार्यक्रमांच्या ऑनलाइन पासेसची गर्दी सुरू झाली तर बघू. सध्या फाइलवर भागतंय.