ओंडक्यातला संसार

किर्लोस्करवाडी स्टेशनावर उतरून पलूसला पोचलो, तेव्हा काका सोप्यात डोक्याला हात लावून बसले होते. मधल्या तुळईला वाळवी लागली होती. बोटाने दाबावे, तर लाकूड पापडासारखे मोडे.

"या, प्रोफेसर! वाडा विकावा म्हणतोय. ऱ्हातंय कोण हितं आता?"

मी काय बोलणार? पुण्याला बिऱ्हाड थाटलेल्यांत मीही एक!

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सागरेश्वरला गेलो. काकांच्या लहानपणी हे डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, झाडे लागली आणि 1985 साली येथे अभयारण्य झाले. उघड्या माळावर कुजायलाही ओंडका नसतो. आता वाटेकडेला एक आडवा पडलेला होता. साल सुटलेली, अंगावर मातीचे लेप आणि आत वाळवी.

"हितंबी हीच बया!" काका म्हणाले.

मला आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या स्नेह्याचे बोलणे आठवले. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरे, पण ती मुंगीची कोणी लागत नाही. ती झुरळाच्या कुळातली! 2007 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी जनुके तपासून तिला झुरळांच्याच पंगतीला बसवले. तिची सर्वांत जवळची भावकी म्हणजे क्रिप्टोसर्कस. अमेरिका, चीन, कोरिया येथील डोंगरी जंगलांत कुजक्या ओंडक्यात राहणारे हे बिनपंखी झुरळ. नरमादी मिळून लाकूड कोरतात, खातात, त्यातच राहतात. पिल्ले बहुधा एकदाच होतात आणि आईबाप त्यांना तीन-तीन वर्षे सांभाळतात. कारण लाकूड पचवणारे सूक्ष्म जीव पिल्लाच्या पोटात उपजत नसतात. ते आईबापांच्या मागल्या वाटेने पाझरणाऱ्या रसातून मिळतात. (फराळाच्या ताटापुढे हे सांगतो आहे, वाचकांनी क्षमा करावी!) पोर लवकर तुटले, तर चहूकडे लाकूड असून उपाशी मरते.

हे सारे मी काकांना सांगितले. ते बराच वेळ ओंडक्याकडे पाहत राहिले.

"तीन वर्षं घरात? झुरळाची पोरं?"

"हो."

"बरी हैत की मग."

त्यांनी काठीने सुटलेली साल पुन्हा ओंडक्यावर सारली. परतीच्या वाटेवर वाडा विकण्याचा विषय निघाला नाही. सोप्यात शिरल्याबरोबर मात्र त्यांनी सुताराला सांगावा धाडला.

"तुळई सागवानी घे म्हणावं. सागाला वाळवी लौकर शिवत न्हाई. आन् प्रोफेसर, दिवाळीला पोरांस्नी घेऊन ये."