पालकांस सूचना

आजच्या मराठींत सर्वांत नियमितपणें प्रसिद्ध होणारें आणि सर्वांत काळजीपूर्वक वाचलें जाणारें वाङ्मय कोणतें, असा प्रश्न आम्हांस कोणीं केला, तर आम्ही कादंबरीचें नांव घेणार नाहीं. कवितेचें तर नाहींच नाहीं. प्राथमिक शाळांतून दर आठवड्यास निघणाऱ्या 'पालकांस सूचना' हेंच तें वाङ्मय होय. कादंबरी अर्ध्यावर टाकून देणारा गृहस्थहि ही सूचना शेवटच्या टीपेपर्यंत वाचतो. कारण तींतील एक ओळ नजरेआड झाली, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांत कोणता प्रसंग ओढवेल, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. पूर्वीं ही सूचना मुलाच्या वहींत मुलाच्याच अक्षरांत येई आणि तिच्याखालीं वडिलांची सही लागे. आतां ती मोबाइलच्या पडद्यावर अवतरते, आणि सहीची जागा जोडलेल्या हातांच्या एका चित्रानें घेतली आहे. साधन बदललें, वाङ्मयप्रकार तोच राहिला.

आम्ही व्यवसायानें इंग्रजीचे प्राध्यापक. तीस वर्षें तरुणांस परके निबंधकार समजावून सांगण्यांत गेलीं, आणि आतां निवृत्ति दाराशीं येऊन उभी असतां आमच्या वांट्यास हें स्वदेशी वाङ्मय आलें. त्याचें असें झालें कीं, आम्ही राहतों त्या महाळुंगे गांवांतील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनीं यंदाच्या मार्गशीर्षांत आमच्यावर एक कामगिरी सोंपविली. दर शनिवारीं त्यांच्या सूचना बाहेर पडण्यापूर्वीं त्यांतील ऱ्हस्वदीर्घ आम्ही पाहून द्यावें, एवढीच ती कामगिरी. आशयांत आम्हीं ढवळाढवळ करावयाची नाहीं, हें न बोलतां ठरलेलें होतें.

महाळुंगे हें मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या टोंकाचें, मुळा नदीच्या कांठचें गांव. महाळुंग हें लिंबाच्या जातीचें मोठें सुवासिक फळ. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातांत तें आहे. आमच्या गांवांत त्याचें झाड आम्हांस अद्याप दिसलें नाहीं. जिन्यांच्या आणि पाळण्यांच्या इमारती मात्र मोजतां मोजतां मान दुखते. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं शेजारच्या बालेवाडीच्या शिवेवर भव्य क्रीडासंकुल उभें राहिलें, नदीपलीकडे हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आल्या, आणि २०२१ सालीं तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं, त्यांत आमचेंहि होतें. शाळेच्या एकाच बांकावर म्हणून आज तीन तऱ्हेचीं मुलें बसतात: गांवच्या जुन्या शेतकरी घराण्यांतलीं, नव्या इमारतींच्या पहारेकऱ्यांचीं व त्या इमारतींत धुणींभांडीं करणाऱ्या बायांचीं, आणि ज्यांचे आईबाप त्या इमारती बांधतात त्यांचीं. हीं शेवटचीं मुलें पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पत्रा उन्हाळ्यांत तापतो तसाच हिंवाळ्यांत गारठतो, हें सांगावयास पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची गरज नाहीं.

आमच्याकडील शाळेचें वर्ष पावसाबरोबर सुरू होतें आणि थंडींत फुलास येतें. दिवाळीची सुटी संपली कीं मैदान वाळलेलें असतें, आकाश स्वच्छ असतें, वार्षिक परीक्षा दूर असते. मग शाळेच्या अंगांत जणूं वारें शिरतें. लंगडी, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत आणि खो-खो यांचे सामने लागतात. (खो-खोचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधून दिले, परंतु आमच्या शाळेंतील चिमुकले खेळाडू ते अद्याप सर्वस्वीं मान्य करीत नाहींत.) मग आनंदबाजार भरतो; त्यांत मुलें तराजू घेऊन मेथी, मुळे आणि बोरें विकतात, आणि वर्षभर न समजलेली वजाबाकी सुट्या पैशांच्या धाकानें एका सकाळीं समजते. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. त्या दिवशीं प्रत्येक वर्गांत निदान चार सावित्रीबाई नऊवारी नेसून येतात. भोगीस डब्यांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिसळीची भाजी, संक्रांतीस तिळगूळ, २६ जानेवारीस झेंडावंदन, आणि या सर्वांच्या मधोमध कोठें तरी सहल व स्नेहसंमेलन. या प्रत्येकामागें एक सूचना असते, आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटीं 'याची नोंद घ्यावी' हें भरतवाक्य असतें.

या वाङ्मयाचा प्राण एका क्रियारूपांत आहे. पाठवावें, आणावें, भरावी, द्यावा, घ्यावी. ज्यास आमचे व्याकरणकार विध्यर्थ म्हणतात तें हें रूप. मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं प्रसिद्ध झालें, त्याच्या आधीं व नंतर अनेकांनीं या रूपाची चिकित्सा केली. परंतु त्याची सगळी लवचीकता शाळेच्या सूचनेंत जशी दिसते तशी व्याकरणांत दिसत नाहीं. विध्यर्थ कर्तव्य सांगतो, विनंती करतो, इच्छा दर्शवितो, शक्यताहि सुचवितो. बोलणारा एकाच रूपांत हुकूम देऊं शकतो आणि हातहि जोडूं शकतो. आणि यांतील कोणता अर्थ घ्यावयाचा, हें वाक्यावरून न ठरतां ऐकणाऱ्याच्या घरावरून ठरतें. 'सहलीची वर्गणी शुक्रवारपर्यंत भरावी' हें वाक्य एका घरीं आठवण असतें, दुसऱ्या घरीं हुकूम असतो, आणि तिसऱ्या घरीं ती केवळ एक इच्छा असते, जी शुक्रवारीं पुरी व्हावयाची नसते.

आमच्याकडे काम येण्यापूर्वीं, दिवाळीनंतर लागलीच, शाळेंतून एक सूचना गेली होती. तींत एकंदर सात कलमें होतीं, आणि चौथें कलम असें: 'थंडी वाढत असल्यानें मुलांना स्वेटर घालून पाठवावें. स्वेटर निळाच असावा.' तींतील ऱ्हस्वदीर्घ निर्दोष आहे. डिसेंबरांत शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली, तेव्हां शेजारधर्म म्हणून आम्हांसहि बोलावणें आलें. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें अशा समितींत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या निम्म्यांपैकीं एक बाई इमारतीच्या कामावर विटा वाहणारी होती. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च, ध्वनिक्षेपकाचें भाडें, असे मोठे विषय संपेपर्यंत ती गप्प बसली होती. मग उठून म्हणाली, "बाई, माझ्या पोराजवळ सुटर हाय. तांबडं हाय. ते चालत न्हाई म्हून पोरगं धा दिस घरीच हाय. आता कसं करावं?"

सभेंत क्षणभर कोणी बोललें नाहीं. विध्यर्थाचा हा प्रयोग आम्हीं कोणत्याहि व्याकरणांत पाहिला नव्हता. सूचनेंतला 'असावा' आणि त्या बाईचा 'करावं' हीं एकाच कुळांतलीं रूपें. परंतु पहिल्यांत उत्तर होतें, आणि दुसऱ्यांत प्रश्न.

एका सभासदांनीं नियमाची बाजू मांडली, आणि ती बाजू पोकळ नव्हती. गणवेश हा श्रीमंताचें पोर आणि गरिबाचें पोर यांतील भेद दिसूं नये म्हणून असतो, असें ते म्हणाले. रंगाची मोकळीक दिली कीं कोणी दुकानांतलें भारी लोकरीचें घालून येईल, कोणी विटकें. आणि पोरांचे डोळे फार तीक्ष्ण असतात. हें सर्व खरें आहे. आमच्याहि मनांत गणवेशाविषयीं आदर आहे. परंतु गणवेश समता आणतो तो अंगावर चढल्यानंतर. तो चढण्यापूर्वीं त्याच्या दाराशीं एक चाळणी लावलेली असते. त्या चाळणींतून जें मूल खालीं पडतें, तें रांगेंत वेगळें दिसत नाहीं एवढें खरें. कारण तें रांगेंतच नसतें.

मुख्याध्यापिकाबाईंनीं वादाला तोंड फुटूं दिलें नाहीं. त्यांनीं समोरच्या सूचनेची प्रत ओढली आणि तीन शब्दांच्या त्या वाक्यांतला मधला शब्द खोडला. 'स्वेटर असावा' एवढें राहिलें. सोमवारीं प्रार्थनेच्या रांगेंत, बाह्या दोनदा दुमडलेलें एक तांबडें स्वेटर दिसलें. त्या आठवड्यांत पिवळीं, हिरवीं, करडीं अशीं आणखीहि कांहीं आलीं. एवढे दिवस तीं कोठें होतीं, असें कोणीं विचारलें नाहीं. तीं घरींच होतीं, कांहीं मुलांसह.

परंतु ज्याच्याजवळ कोणत्याच रंगाचें स्वेटर नाहीं, त्याचें काय? 'असावा' हा त्याच्यापुरता अजून इच्छार्थच. बाईंनीं त्यावर एक उपाय केला, तो इतका साधा होता कीं त्याची सूचनाहि काढावी लागली नाहीं. प्रार्थना पश्चिमेकडील सांवलींत होत असे, ती पूर्वेकडील अंगणांत नेली, आणि पहिला तास तेथेंच उन्हांत घेण्यास आरंभ केला. नदीकडून येणारें धुकें फिटतां फिटतां पाढे होतात. पुण्याच्या थंडीस हंसूं नये. १७ जानेवारी १९३५ रोजीं येथील पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पण तिच्यांत एक सद्गुण आहे: ती ऊन झांकीत नाहीं, आणि उन्हाला वर्गणी नाहीं.

आम्हांस या प्रसंगानें जुना इतिहास आठवला. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर साहेबांच्या शिक्षणमंडळापुढें निवेदन दिलें आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें मागितलें. १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्याच हेतूचें विधेयक मांडलें. पुढील वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. सक्तीचा कायदा देशभर अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. परंतु त्या कायद्यांत 'सक्ती' या शब्दाची जी व्याख्या आहे, ती आमच्यासारख्या भाषेच्या माणसाला थांबवून ठेवते. ती सक्ती शासनावर आहे. मुलाला शाळेंत दाखल करणें हें पालकाचें कर्तव्य म्हणून कायद्यानें सांगितलें आहे खरें. परंतु शाळा पुरविणें, मूल शाळेंत येईल व शिकेल हें पाहणें, हें बंधन राज्यकर्त्यांनीं स्वतःवर घेतलें आहे. म्हणजे शंभर वर्षांच्या वादानंतर कायद्यानें विध्यर्थाचें तोंड फिरविलें. आमच्या सूचनांचें तोंड मात्र अजून पालकांकडेच आहे.

तें केव्हां केव्हां फिरतेंहि. लहान मुलांची झोंप पुरी होत नाहीं, शाळांनीं वेळा बदलण्याचा विचार करावा, असें राज्यपाल रमेश बैस यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें सुचविलें. आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं शासनानें निर्णय काढला कीं, पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत. मुलांनीं लवकर निजावें, लवकर उठावें, असें पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्यानंतर शाळेनेंच उशिरां उठावें, असें सांगणारी ही सूचना आम्हांस फार आवडली. नोकरीस लवकर जाणाऱ्या आईबापांची तिनें अडचण होते, हें आम्ही जाणतों. बांधकामावर जाणारी आई नऊपर्यंत थांबूं शकत नाहीं, आणि तिच्या मुलास तोंवर धाकट्या बहिणीकडे पाहावें लागतें. एका घराची सोय ती दुसऱ्याची गैरसोय, हा सूचनावाङ्मयाचा कायमचा पेंच आहे. तो सुटतो तेव्हां कागदावर सुटत नाहीं. कोणी तरी सभेंत उठून 'आता कसं करावं' असें विचारतें, आणि कोणी तरी तें ऐकून घेतें, तेव्हां सुटतो.

एके शनिवारीं आम्हीं बाईंना विनोदानें सुचविलें कीं, सूचनेच्या कागदास मधोमध रेघ मारावी. डावीकडे 'पालकांनीं करावें' आणि उजवीकडे 'शाळेनें करावें' अशीं दोन सदरें असावीं. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "सर, उजव्या बाजूस कागद पुरणार नाहीं." विषय तेथेंच संपला असें आम्हीं मानलें.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत सहलीची सूचना तपासण्यास आली. रेघ नव्हती. तारीख, वेळ, डबा, पाण्याची बाटली, टोपी, सर्व कलमें नेहमींचीं होतीं. वर्गणीच्या कलमाखालीं एक ओळ नवीन होती: 'ज्यांची वर्गणी जमणार नाहीं, त्यांची रक्कम आनंदबाजाराच्या उत्पन्नांतून भरली जाईल, मूल सहलीस येईलच.' डिसेंबरांत खोडलेला 'च' असा जानेवारींत दुसऱ्या शब्दास येऊन चिकटला होता, आणि या खेपेस क्रियापद विध्यर्थी नव्हतें. आम्हीं त्या ओळींतील ऱ्हस्वदीर्घ पाहिलें, तें बरोबर होतें, आणि कागद परत पाठविला.