तीन झाडं

रेम्ब्रांटचं ‘तीन झाडं’ मी पहिल्यांदा पाहिलं ते कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एका जाडजूड पुस्तकात पोस्टकार्डाएवढं छापलेलं. माणदेशी माळावरून आलेल्या मला झाडांआधी दिसलं आभाळ. डाव्या कोपऱ्यातून तिरप्या रेघा सणसणत खाली आलेल्या. आमच्याकडे वळीव असाच येतो. अर्धा माळ उन्हात, अर्धा काळाभोर.

हे इचिंग १६४३ सालचं. आदल्याच वर्षी त्याची बायको सास्किया वारली होती. त्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमबाहेरचा सपाट, ओला मुलूख त्याच्या पत्र्यांवर पुन्हा पुन्हा येत राहिला.

पुढे माझ्या हाती झिंकचा पत्रा आला आणि त्या काळोखाचं मोल कळलं. पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर, त्यावर सुईची रेघ. सुई नुसता थर खरवडते. धातू खातं ते अ‍ॅसिड. फिक्या हव्यात त्या रेघा व्हार्निशनं झाकायच्या आणि पत्रा पुन्हा बुडवायचा. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि काळी. रेम्ब्रांटनं जोडीला ड्रायपॉइंटही वापरलं, म्हणजे टोकदार सुईनं थेट तांबं ओरखडलं. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कूस उठते, ती शाई धरते आणि कागदावर मखमली काळा उतरतो. प्रेसखाली ती कूस लवकर दबते, म्हणून सुरुवातीच्या प्रिंट्सचा काळा नंतरच्यांना येत नाही.

तो काळा मी डोळ्यांनी पाहिला अ‍ॅमस्टरडॅमला, त्याच्या राहत्या घराच्या संग्रहालयात. चित्र जेमतेम २१ बाय २८ सेंटिमीटरचं. डावीकडे पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस आणि त्याची सोबतीण माझ्या ओळखीची होती. उजव्या कोपऱ्यातल्या दाट झुडपात लपलेलं प्रेमी युगुल मात्र तिथंच सापडलं. वर टेकाडावर माणसांनी भरलेली गाडी, आणि तिच्याजवळ एक चित्रकार. त्याची पाठ झाडांकडे, वादळाकडे. तो चौकटीबाहेरचं काहीतरी रेखाटतोय. एवढं आभाळ उभं करून आपल्याच चित्रकाराला त्याकडे पाठ फिरवून बसवणं, हे मला या चित्रातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

तेव्हापासून माझ्या माळाच्या प्रिंट्समधली माणसंही बारीक झाली. गावातल्या शाळेत प्रदर्शन लावलं, तेव्हा एका मेंढक्यानं ओघळीतला मेंढपाळ बघताक्षणी हेरला आणि विचारलं, “कुत्रं कुठाय ह्याचं?” दुसऱ्या दिवशी मी नवा पत्रा घासायला घेतला.