लखनौचं अक्षर : बोरूपासून कीबोर्डपर्यंत

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसनं लखनौला उतरणाऱ्या मराठी प्रवाशाला फलाटावरच्या पाटीवर शहराचं नाव तीन लिप्यांत दिसतं. देवनागरी आणि रोमन अक्षरं तो सहज वाचतो. उर्दू नावाकडे मात्र नक्षीकडे बघावं तसं बघतो आणि पुढे निघतो. मग बडा इमामबाडा, अमीनाबादचे कबाब, चौकातले चिकनचे कुर्ते असा फेरा सुरू होतो. सहल छान होते. पण ज्या नजाकतीचं कौतुक ऐकून तो इथवर आलेला असतो, तिचा मोठा वाटा त्या न वाचलेल्या नावातच असतो.

उर्दूच्या त्या वळणाला नस्तालीक म्हणतात. ते इराणातून आलं. त्यात शब्द ओळीवर सरळ बसत नाही, उजवीकडून डावीकडे अलगद उतरत येतो. शेजारी कोण आहे यावर अक्षराचं रूप बदलतं. मूठभर अक्षरांची अशी हजारो जोडरूपं होतात. छापखान्याचे शिशाचे खिळे या लिपीपुढे हरले ते इथेच. कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात खिळे पाडून पाहिले, पण उर्दू वाचकांच्या डोळ्यांना ते कधी रुचले नाहीत.

मग उर्दू छापली कशी? त्याचं उत्तर हजरतगंजच्या नवलकिशोर रोडच्या नावात आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली लखनौत छापखाना काढला. कुराण, हिंदू धर्मग्रंथ, किस्से-कहाण्या असं सगळं तिथून बाहेर पडू लागलं. मिर्झा गालिब यांच्या फारसी कवितांचा संग्रह १८६३ साली तिथेच छापला गेला. ही छपाई होती शिळाप्रेसवरची. कातिब, म्हणजे लेखनिक, बोरूनं खास कागदावर चिकट शाईत मजकूर लिहायचा. तो दगडावर उलटा उमटवायचा आणि दगडावरून प्रती काढायच्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनीही १८३१ साली मराठी पंचांग असंच दगडावर छापलं होतं. पण मराठी पुढे खिळ्यांकडे वळली. उर्दू मात्र शंभराहून अधिक वर्षं कातिबाच्या हातावरच राहिली. रोजचं वर्तमानपत्रसुद्धा! बातमी कितीही ताजी असली, तरी आधी कोणीतरी मांडी घालून ती सुवाच्य लिहायची आणि मग यंत्र फिरायचं. १९४५ साली लखनौहून निघालेल्या ‘कौमी आवाज’सारख्या दैनिकांच्या मागे असे किती हात झिजले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

कोडं सुटलं १९८१ साली. कराचीचे सुलेखनकार मिर्झा अहमद जमील आणि इंग्लंडची मोनोटाइप कंपनी यांनी मिळून ‘नूरी नस्तालीक’ तयार केलं. सुटी अक्षरं जोडत बसण्याऐवजी सगळी जोडरूपंच यंत्रात भरून ठेवायची, अशी ही युक्ती होती. वीस हजारांच्या आसपास रूपं जमली. १९९४ साली दिल्लीत तयार झालेलं ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर आलं आणि साध्या संगणकावर हीच अक्षरं उमटू लागली. कातिबांची बैठक उठली.

चिन्यांची अडचण याच जातीची, पण कितीतरी मोठी. त्यांच्याकडे वर्णमालाच नाही, हजारो स्वतंत्र चिन्हं आहेत. एवढी बटणं कुठून आणणार? १९५८ साली चीननं उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची ‘पिनयिन’ पद्धत स्वीकारली. संगणकावर आता तीच कामी येते. ‘मा’ हा उच्चार रोमनमध्ये टाइप केला की पडद्यावर आई, घोडा, ताग, रागावणे अशा अर्थांच्या चिन्हांची रांग उभी राहते. त्यातलं हवं ते निवडायचं. आपल्याकडेही मोबाइलवर रोमनमध्ये ‘के-ए-एल’ लिहिलं की कल, काल, कळ, काळ असे सगळे हजर होतात, तसंच हे.

लखनौचा उर्दू टाइप करणारा मुलगाही उच्चारानंच चालतो. ‘बे’साठी रोमन बी, ‘सीन’साठी एस. पण उर्दूत ‘ज़’ या एका उच्चाराला चार अक्षरं आहेत. उच्चारावर बेतलेल्या कीबोर्डवर एक झेडच्या बटणावर, दुसरं तिथेच शिफ्ट दाबून, तिसरं जेखाली आणि चौथं व्हीखाली लपलेलं. ‘सदा’ सीननं लिहिला तर अर्थ ‘नेहमी’, स्वादनं लिहिला तर ‘हाक’. कादंबरीकार डेप्युटी नज़ीर अहमद ज़ालचे आणि कवी नज़ीर अकबराबादी ज़ोएचे, पण ऐकायला दोघं सारखेच.

चीनमध्ये सध्या एक तक्रार सगळीकडे ऐकू येते : लोक चिन्ह ओळखतात, पण पेन उचललं की ते आठवत नाही. लखनौत गोष्ट याच्याही पुढे गेली आहे. उर्दूला उत्तर प्रदेशात १९८९ पासून दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे, पण शाळा बहुतेकांची हिंदी किंवा इंग्रजी. घरात अस्सल लखनवी उर्दू बोलणारी कितीतरी मुलं ती लिहितात रोमन किंवा देवनागरीत. फोन त्यांना उर्दू अक्षरं क्षणात काढून देतो आणि चार पर्याय पुढे ठेवून थांबतो. चारांतलं बरोबर कोणतं, ते वाचता येणाऱ्यालाच कळणार.

म्हणून निकाहची पत्रिका उर्दूत छापायची ठरली की मजकूर नातवानं टाइप केला, तरी तो दादीच्या हातात जातो. ती चष्मा लावते, एकेक नुक्ता तपासते. चुलत्यांचं नाव ज़ालचं की ज़ोएचं, ते तिलाच विचारावं लागतं.